हातातील वर्तुळाकार करवत : सुरक्षा आणि कारागिराचे अर्थकारण

लघुउद्योगांच्या विकासाचा विचार करताना भांडवल, कच्चा माल आणि बाजारपेठ यांची चर्चा विस्ताराने होते. अवजार हाताळणाऱ्या हाताची चर्चा मात्र क्वचितच होते. वस्तुतः सुताराच्या व्यवसायात हात हेच मूळ भांडवल असते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून सुतारकाम हा त्यांपैकी एक आहे. या योजनेखाली पात्र कारागिराला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के सवलतीच्या व्याजदराने दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. हातकरवतीकडून विजेवरील करवतीकडे होणाऱ्या वाटचालीला अशा साहाय्याने बळ मिळते. त्यातून उत्पादकता वाढते हे खरे. परंतु अवजाराची शक्ती वाढली की चुकीची किंमतही वाढते.

यंत्राचे स्वरूप आणि धोका

हातात धरून चालविण्याच्या प्रचलित वर्तुळाकार करवतीचे पाते सुमारे १८५ मिलिमीटर, म्हणजे साधारण ७ इंच व्यासाचे असते. ते मिनिटाला ५,००० च्या आसपास फेरे घेते. या गतीला पात्याच्या कडेचा वेग ताशी १७० किलोमीटरहून अधिक भरतो. म्हणूनच पात्याला दोन आवरणे असतात. वरचे स्थिर असते. खालचे स्प्रिंगवर फिरते, कापताना मागे सरकते आणि काप पूर्ण होताच पाते पुन्हा झाकते.

अपघाताचे मोठे कारण म्हणजे यंत्राची उलट उसळी. पात्याचे पुढचे दात लाकूड खालून वर कापत जातात. काप चालू असताना लाकूड वाकले आणि चीर मागच्या बाजूस आवळली, तर पाते त्यात अडकते व संपूर्ण यंत्र वर उसळून चालकाच्या दिशेने मागे येते. हे क्षणार्धात घडते. सावरण्यास अवधी मिळत नाही. यास्तव उसळी निर्माणच होऊ नये, अशी मांडणी करणे हाच खरा उपाय ठरतो.

पूर्वतयारी

पाते बदलताना अथवा खोली ठरविताना प्लग काढलेला असला पाहिजे; केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पात्याचा व्यास व मधले छिद्र यंत्राला जुळणारे हवे, आणि पात्यावर छापलेली कमाल गती यंत्राच्या गतीपेक्षा कमी असता कामा नये. पात्यावरील बाणाची दिशा यंत्रावरील बाणाशी जुळवून घ्यावी. बोथट पाते अधिक जोर मागते आणि लवकर अडकते. त्यामुळे ते वापरण्यातली बचत फसवी असते. खालचे आवरण हाताने मागे घेऊन सोडावे. ते अडखळल्यास यंत्र वापरू नये. आवरणाला पाचर मारून ते उघडे ठेवण्याची सवय विशेष घातक आहे.

कापाची खोली लाकडाच्या जाडीपेक्षा केवळ काही मिलिमीटर अधिक ठेवावी. १९ मिलिमीटरच्या प्लायवुडसाठी पाते खाली ५ मिलिमीटर निघाले तरी पुरते. पाते जितके कमी बाहेर, तितका धोका कमी. लाकडातील खिळे आधी काढावेत. लाकडाला आधार असा द्यावा, की कापलेला तुकडा मोकळेपणाने सुटेल आणि चीर आवळणार नाही. मोठ्या फळीखाली कापाच्या दोन्ही बाजूंना आधार असणे इष्ट.

वीजजोडणीही तितकीच महत्त्वाची. दुहेरी विद्युतरोधन असलेले यंत्र वगळता तीन पिनांचा प्लग व खरे अर्थिंग आवश्यक आहे. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच मंडळात असल्यास विजेच्या धक्क्यापासून मोठे संरक्षण मिळते. वायर कापाच्या मार्गापासून दूर ठेवावी.

प्रत्यक्ष वापर

लाकूड क्लॅम्पने घट्ट बसवावे, म्हणजे दोन्ही हात यंत्रावर राहतात. सरळ कापासाठी पट्टीचा आधार घ्यावा. चालकाने पात्याच्या रेषेत नव्हे, तर किंचित बाजूस उभे राहावे. पाते लाकडाला टेकण्यापूर्वी त्याने पूर्ण गती घेतलेली असावी. काप रेषेबाहेर गेल्यास यंत्र पिळून वळवू नये; बटण सोडून पाते थांबू द्यावे आणि नव्याने सुरुवात करावी. पाते थांबेपर्यंत यंत्र चिरेतून बाहेर ओढू नये.

सैल बाह्या, गळ्यातील गमछा आणि सैल हातमोजे पात्यात ओढले जाऊ शकतात. डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षण हवे. लाकडाच्या भुशाची वर्गवारी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केली असल्याने योग्य मुखपट्टी ही चैन नव्हे.

भारतीय कामाच्या ठिकाणी आणखी एक प्रथा दिसते. फरशी कापण्याच्या लहान कटरला अथवा ग्राइंडरला लाकडाचे दातेरी पाते बसविले जाते. ही यंत्रे त्या कामासाठी बनविलेली नसतात, त्यांची गती बरीच जास्त असते आणि खालचे आपोआप मिटणारे आवरण त्यांना नसते. स्वस्त पर्याय असा महाग पडतो.

भरपाईचे गणित

कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ च्या परिशिष्टात अवयवहानीची टक्केवारी दिली होती : संपूर्ण तर्जनीसाठी १४ टक्के, अंगठ्यासाठी ३० टक्के, एका हाताच्या चार बोटांसाठी ५० टक्के. मासिक वेतन १५,००० रुपये आणि वय ३० वर्षे धरल्यास वेतनाच्या ६० टक्के रकमेला २०७.९८ या गुणकाने गुणून १८,७१,८२० रुपये येतात. अंगठा गमावल्यास त्याच्या ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये देय ठरत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे.

ही भरपाई मालक देतो. स्वयंरोजगारी सुताराला मालकच नसतो. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० सामान्यतः १० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते आणि विजेचा वापर करणाऱ्या कारखान्यासाठी मर्यादा २० कामगारांची आहे. दोघा-तिघांची सुतारशाळा या चौकटीबाहेर राहते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपयांच्या हप्त्यावर अपघाती मृत्यूसाठी २ लाख आणि एक हात निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. मात्र एखादे बोट गेल्यास लाभाची तरतूद नाही. करवतीच्या अपघातात धोका तर प्रथम बोटांनाच असतो.

निष्कर्ष

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जेथे कायदा आणि विमा पोहोचत नाहीत, तेथे प्रतिबंध हेच संरक्षणाचे एकमेव साधन उरते. म्हणून पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील ५ ते ७ दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात यंत्राची मांडणी आणि उसळीचे प्रतिबंधन यांना मध्यवर्ती स्थान असावे. दुसरी, अवजारासाठी दिलेल्या साहाय्यात चष्मा, मुखपट्टी, क्लॅम्प आणि गळतीरोधक स्विच यांचाही विचार व्हावा. कर्जाचा हप्ता त्याच हाताने फेडायचा असतो. तो सुरक्षित राहिला, तरच वाढलेली उत्पादकता कारागिराच्या उत्पन्नात उतरते.