वेलांटी आधी, उच्चार नंतर

शिकताना अडखळणारी मुलं : लेखांक 5

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी कमी असणं नव्हे, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. आज तो वहीत कसा दिसतो ते पाहू, कारण आम्हा शिक्षकांची त्याच्याशी पहिली गाठ तिथेच पडते.

चौथीतल्या एका मुलाची श्रुतलेखनाची वही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. 'किनारा'चं 'कनिरा', 'कर्म'चं 'क्रम', 'घर'चं 'धर'. मी प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढली, 'लक्ष देऊन लिही' असा शेरा मारला आणि चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहून आणायला सांगितले. त्याने आणले. पहिली ओळ बरोबर, तिसरीपासून पुन्हा 'कनिरा'. हाच मुलगा अफजलखानाच्या भेटीचा प्रसंग सांगायला लागला की सगळा वर्ग गप्प होऊन ऐकायचा. लेखी उत्तर मात्र दीड ओळीचं. मी त्याला आळशी ठरवून मोकळी झाले, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या चुका मी मोजल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. 'कि' म्हणताना आधी 'क्' येतो आणि मग 'इ', पण कागदावर वेलांटी 'क'च्या आधी बसते. 'कर्म'मधला 'र्' आपण 'म'च्या आधी उच्चारतो आणि लिहितो 'म'च्या डोक्यावर. 'क्रम'मध्ये तोच र 'क'च्या पायाशी जातो. बहुतेक मुलांच्या हाताला हे सरावाने वळण पडतं. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला मुळात शब्दातले आवाज सुटे करून अक्षरांशी जोडणंच जड जातं, मग आपल्या लिपीतली ही उलटापालट त्याला जास्तच छळते. भ-म, घ-ध, थ-य ही दिसायला जवळची अक्षरं आहेतच.

अर्थात पहिलीतली सगळीच मुलं अशी चुकतात. शिकवून, सराव करून घेऊनही तिसरी-चौथीत वाचन अडखळतच राहिलं, एकेका अक्षरावर मूल दमायला लागलं, तर थांबून बघायला हवं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये 'डाली' हे तपासणी साहित्य आणलं. ते मराठीतही आहे. त्यात पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी दुसरी, अशा प्राथमिक चाचण्या शिक्षकांच्या हातात दिल्या आहेत. निदान अर्थातच तज्ज्ञ करतात.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश झाला. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. सवलती हव्यातच. पण दहावीपर्यंत त्या मुलाने नऊ वर्षं 'ढ' हा शब्द ऐकलेला असतो. ती नऊ वर्षं आमच्या हातात असतात, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना प्रमाणपत्र लागत नाही.

दहा वेळा लिहायला लावणं आधी बंद करावं. तीच चूक हातात मुरते, दुसरं काही होत नाही. त्यापेक्षा 'कमळमधला क काढला तर काय उरलं?' असे तोंडी खेळ रोज पाच मिनिटं घ्यावेत. ताटात रेती पसरून, तोंडाने उच्चार करत, बोटाने अक्षर गिरवून घ्यावं. एका वेळी एकच अक्षर. घ पक्का झाल्याशिवाय ध समोर आणू नये. अचानक उभं करून मोठ्याने वाचायला सांगू नये. वाचायचा उतारा आदल्या दिवशी घरी द्यावा. आणि इतिहासाच्या पेपरात इतिहासाचेच गुण द्यावेत, ऱ्हस्व-दीर्घाचे कापू नयेत.

त्या मुलाची सहामाहीची इतिहासाची उत्तरं मी शेवटी तोंडी घेतली. मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात. पहिली दोन वाक्यं तो माझ्या हातातल्या लाल पेनाकडे बघत बोलला. मी पेन पर्समध्ये टाकलं. मग प्रतापगड, जावळीचं रान, पायथ्याचा शामियाना, सगळं ओळीने आलं. घंटा झाली, मुलं आत यायला लागली, तरी त्याचं सांगणं चालूच होतं.