जुन्या मोटारसायकलीचे कॅम व ते बदलण्याची रीत

बंगळूर शहराच्या वायव्येस तुमकूर रस्त्याला लागून पीण्या हे औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. त्याच्या शेजारीच जलहळ्ळी येथे 1953 साली हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना सुरू झाला. यंत्र-हत्यारांच्या संशोधनासाठी 1962 साली स्थापन झालेली केंद्रीय संस्थाही याच रस्त्यावर आहे. अचूक मोजमापाची जी परंपरा या भागात रुजली, तिच्यावर पुढे पीण्यातील असंख्य लहान कारखाने उभे राहिले. एका गाळ्यात लेथ चालते, दुसऱ्यात पोलादाला पाणी देतात, तिसऱ्यात ग्राइंडिंग होते आणि चौथ्यात तयार भागाचा कठीणपणा तपासला जातो. एखाद्या जुन्या एंजिनाचा लहानसा भाग निकामी झाल्यास तो पुन्हा घडविण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक सर्व क्रिया येथे हाकेच्या अंतरावर होतात. परंतु केवळ सोय असून भागत नाही. काय मोजावयाचे व का मोजावयाचे, हे काम देणारास ठाऊक असावे लागते. कॅम हा भाग याचे उत्तम उदाहरण होय.

कॅमचे कार्य

चार धावांच्या एंजिनात दट्ट्या एकदा मिश्रण ओढून घेतो, एकदा ते दाबतो, एकदा स्फोटाने खाली ढकलला जातो आणि अखेरीस जळलेला वायू बाहेर लोटतो. एवढ्यात भुजादंडाचे दोन फेरे होतात. मात्र आत घेणारी झडप एकदाच उघडते आणि बाहेर सोडणारीही एकदाच. म्हणून कॅम भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरविला जातो. भुजादंड मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर कॅम 1,500 फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते व मिटते.

कॅम म्हणजे एका बाजूस उंचवटा असलेले चाक. उखळात मुसळ उचलून सोडणाऱ्या हाताप्रमाणे तो झडपेला उचलतो व सोडतो. परंतु हात थकतो, कॅम झिजतो.

1955 पासून मद्रासेत बनू लागलेल्या एन्फील्ड बुलेटच्या बिडाच्या सिलिंडरच्या एंजिनात असे दोन आखूड कॅम असतात. प्रत्येक कॅमला स्वतःचे दातेरी चाक असते आणि तो एका स्थिर खुंटीवर फिरतो. कॅमच्या पाठीवर टॅपेटचा सपाट पाय घासत राहतो; टॅपेट पुशरॉडला उचलतो आणि रॉकर झडपेला दाबतो. म्हैसूरला 1996 पर्यंत बनणाऱ्या जावा व येझदी या दोन धावांच्या गाड्यांत मात्र कॅमने उघडणाऱ्या झडपाच नसतात. तेव्हा पुढील विवेचन त्यांना लागू नाही.

झीज कशी ओळखावी

टॅपेटचे अंतर नीट बसवूनही टकटक आवाज थांबत नाही, किंवा बसविलेले अंतर थोड्याच दिवसांत पुन्हा वाढते, हे पहिले लक्षण होय. काढलेल्या तेलात लोखंडाचा चकाकणारा कीस दिसणे हे दुसरे. तथापि निर्णय कानाने न करता मापाने करावा. पुशरॉडच्या माथ्यावर डायल गेजची सुई टेकवून एंजिन हाताने सावकाश फिरवावे आणि पुशरॉड किती उचलला जातो, ते दोन्ही कॅमांसाठी टिपून घ्यावे. हा आकडा नव्या कॅमच्या मापाशी ताडून पाहिला म्हणजे शंका उरत नाही.

अर्ध्या मिलिमीटरच्या झिजेने एवढे काय बिघडते, असे वाटण्याचा संभव आहे. समजा, झडपेचा व्यास 40 मिलिमीटर असून ती 8 मिलिमीटर उचलली जाते. तिच्या कडेभोवती वायूला मिळणारी वाट सुमारे 1,005 चौरस मिलिमीटर होते. तीच झडप साडेसात मिलिमीटर उचलली गेली, तर वाट सुमारे 942 वर येते. श्वासाचा सोळावा हिस्सा असा गेला.

कठीण साल व मऊ गाभा

पोलादी कॅमचा केवळ बाहेरचा थर अतिशय कठीण केलेला असतो. आतील गाभा चिवट ठेवतात. हा थर फार पातळ असतो. झिजलेला कॅम पुन्हा घासून आकारात आणताना तो थर निघून गेला, तर वरवर आरशासारखा दिसणारा कॅम थोड्याच महिन्यांत खचतो. घासताना तापलेले पोलादही मऊ पडते. म्हणून काम करून आणल्यावर कठीणपणाची परीक्षा करून घेणे हा अविश्वास नव्हे, तो कामाचाच भाग आहे. सोलापूरला 1992 साली स्थापन झालेला प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना मोटारींचे कॅमदंड ओतून नावारूपास आला. ओतीव कॅमदंडात साच्यात धातूचे तुकडे बसवून उंचवट्याची कड झटकन थंड करतात व तेथेच बीड कठीण होते. रीत वेगळी, हेतू एकच.

बदलण्याची रीत

प्रथम दट्ट्या वरच्या टोकास आणावा. दोन्ही झडपा मिटलेल्या असताना पुशरॉड मोकळे करावेत. मग उजव्या बाजूचे टायमिंगचे झाकण काढावे. त्यातून एंजिनाच्या मुख्य भागाला तेल जाते. त्या जागचे सील झाकण बसविताना नवे घालावे. चाकांवरील खुणा एकमेकींसमोर आल्या आहेत, याची खात्री करून त्यांचे चित्र काढून ठेवावे आणि मगच कॅम उपसावेत. भुजादंडाच्या टोकावरील वर्म-नट, जो तेलाचा पंप फिरवितो, त्याचे आटे उलटे असतात. तो सोडविण्याचे कारण नसेल तर त्यास हात लावू नये. सरळ आट्याचा समजून जोर केल्यास तो तुटतो.

खुंट्या वाकल्या किंवा झिजल्या आहेत काय, हे या वेळी अवश्य पाहावे. तसेच नव्या कॅमवर जुना टॅपेट कधीही ठेवू नये. जुन्या पायाला जुन्या कॅमची खोबण पडलेली असते. तो नव्या कॅमला अरुंद जागी टेकतो आणि सारा भार तेवढ्याच जागेवर येऊन नवा कॅमही सोलला जातो. कॅम व टॅपेट ही जोडी आहे, जोडीनेच बदलावी.

नवे कॅम बसविताना खुणा पूर्ववत जुळल्या पाहिजेत. कॅमच्या चाकास 40 दाते असतील आणि एक दाता चुकला, तर कॅम 9 अंशांनी व भुजादंडाच्या मानाने 18 अंशांनी चुकतो. अशा एंजिनास जोर राहत नाही, आणि चूक मोठी असल्यास झडप व दट्ट्या यांची टक्कर होण्याचा धोका असतो. म्हणून झाकण लावण्यापूर्वी एंजिन हाताने चार फेरे फिरवावे. कोठे अडल्यास जोर न करता थांबावे. दोन फेऱ्यांनंतर कॅमवरील खुणा पुन्हा समोरासमोर यावयास हव्यात. ठिणगीची वेळही याच चाकांच्या माळेवर अवलंबून असल्याने तीही तपासावी. शेवटी थंड एंजिनात पुशरॉड बोटांनी फिरेल परंतु वर-खाली हलणार नाही, इतकेच अंतर ठेवावे.

पहिला तास

बसविण्यापूर्वी कॅमच्या पाठीस मॉलिब्डेनमयुक्त लेप लावावा. एंजिन सुरू झाल्यावर ते उभ्या गाडीत मंद गतीने फार वेळ चालू ठेवू नये. मंद गतीत तेल कमी उडते आणि कॅमच्या टोकावर स्प्रिंगचा जवळजवळ पूर्ण भार पडतो. वेग वाढला म्हणजे झडपेच्या जडत्वामुळे तो भार कमी होतो. शिवाय हवेने थंड होणारे एंजिन उभ्या जागी तापते. तेव्हा मध्यम वेगाने, चढ टाळून, थोडे अंतर चालवून आणावे. जस्त व फॉस्फरस यांची संयुगे असलेले तेल कॅमचे रक्षण करते. धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेस जपण्यासाठी आधुनिक मोटारींच्या पुष्कळ तेलांत ही संयुगे कमी केलेली असतात. जुन्या एंजिनासाठी तेल निवडताना हे ध्यानात ठेवावे.

पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर तेल बदलून टॅपेटचे अंतर पुन्हा पाहावे. काढलेले जुने कॅमही भंगारात टाकू नयेत. त्यांचे माप, तारीख व गाडीचे धावलेले अंतर एका चिठ्ठीवर लिहून ती त्यांना बांधून ठेवावी. पुढे कधी नवे कॅम बाजारात मिळेनासे झाले, तर पीण्यातील वा आपल्या गावच्या कारागिरापुढे ठेवावयास तोच नमुना आणि तीच चिठ्ठी उपयोगी पडेल.