घरी शिसे वितळविण्याची साधने : पागाच्या गोळ्यांसाठी निवड कशी करावी

साष्टीच्या बेटावर शेती व खाडी यांचा शेजार फार जुना आहे. पश्चिमेस वर्सोवा, मढ, मनोरी व गोराई, आणि पूर्वेस घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत पसरलेला ठाण्याच्या खाडीचा काठ, या भागांत कोळ्यांच्या घराप्रमाणेच भातखाचर राखणाऱ्याच्या घरीही खुंटीस पाग टांगलेला आढळे. पाग जुना झाला की काठाच्या शिशाच्या गोळ्या झिजतात व गळतात. मग उरलेले शिसे वितळवून घरीच नव्या गोळ्या ओतल्या जातात. हे काम सोपे दिसते, म्हणूनच त्यासाठी स्वयंपाकघरातील एखादे टाकाऊ पातेले निःशंकपणे चुलीवर चढविले जाते. साधनाच्या निवडीतील ही चूक किती महाग पडते व योग्य साधन किती थोडक्यात होते, हे वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. येथील विवेचन जाळ्याच्या गोळ्यांपुरते आहे. पूर्वी ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्याही अशाच रीतीने घरोघर ओतीत. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. रानडुकरांच्या उपद्रवासाठीही कोणी त्या वाटेस जाऊ नये.

शिशाचे गुणधर्म ध्यानात घेतले म्हणजे साधनांची निवड आपोआप ठरते. शिसे ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळते. त्याचे वजन पाण्याच्या ११ पटींहून अधिक असते. म्हणजे १० किलो शिशाने एक लिटरचे भांडेही पुरते भरत नाही. यास्तव भांडे लहानच घ्यावे, परंतु ते जाड बुडाचे, रुंद बैठकीचे व न कलंडणारे असावे.

धातूंत लोखंडच उत्तम होय. वितळलेल्या शिशात लोखंड विरघळत नाही व त्याचा वितळबिंदूही फार उंच आहे. बिडाची लहान कढई किंवा जाड पोलादी पत्र्याचे भांडे, दोन्ही चालतात. बिडाच्या भांड्यास तडा नाही हे वाजवून पाहावे, आणि तापलेले बीड पाण्याने कधीही विझवू नये, ते तडकते. अॅल्युमिनियमचे पातेले सर्वथा वर्ज्य समजावे. तो धातू ६६० अंशांस वितळतो व त्याच्या बराच आधी मऊ पडतो. खालून जोराची ज्योत व आत १० किलोंचा भार असता बूड केव्हा सुटेल याचा नेम नाही. कल्हईच्या भांड्याचे कथील २३२ अंशांसच वितळून शिशात मिसळते. जस्ताचा मुलामा दिलेली बादली तर अधिकच वाईट. जस्त मिसळलेले शिसे साच्यात नीट भरत नाही, व ज्योतीवर जस्त जळून निघालेल्या धुराने ताप भरतो. मातीचे मडके भाराने व उष्णतेने फुटते.

आता विस्तव. शिशास फार मोठी भट्टी लागते हा समज खरा नव्हे. १० किलो शिसे ४०० अंशांपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढीत सुमारे अडीच लिटर पाणी उकळीस येते. म्हणून साधी गॅसची शेगडी अथवा विजेची १,००० वॉटची शेगडी पुरेशी आहे. मात्र तिचे पाय मजबूत असावेत. लाकडाच्या चुलीवरही काम होते, पण जाळ आवरता येत नाही. उष्णता ३५० ते ४०० अंशांच्या आतच राखावी. जसजशी ती ५०० कडे चढते तसतशी वाफ वाढते. यासाठी ५०० अंशांपर्यंतचा धातूचा तापमापक घेणे हा खर्च वायफळ नव्हे. अमेरिकेत गोळ्या ओतणारे हौशी लोक तळाशी तोटी असलेली विजेची भांडी वापरतात. त्यांत उष्णता स्थिर राहते हे खरे. परंतु तोटीत मळी अडकून ती ठिबकत राहते. वर्षातून एकदोनदा गोळ्या ओतणाऱ्याने या भानगडीत पडू नये. लांब लाकडी मुठीची लोखंडी पळी त्यास पुरे.

साचा लोखंडाचा किंवा शंखजिऱ्याच्या दगडाचा घ्यावा. अॅल्युमिनियमचा साचाही चालतो, कारण त्यात शिसे क्षणात निवते व त्याखाली ज्योत नसते. साचा कोणताही असो, तो कोरडा व थोडा तापविलेला पाहिजे. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,६०० पट वाढते. ओल्या साच्यातील किंवा पळीवरील एक थेंबदेखील तापलेले शिसे तोंडावर उडवितो. म्हणून पावसाळ्याचे चार महिने हे काम करूच नये. इतर दिवसांतही ते उघड्यावर, वाऱ्याकडे बाजू करून, कोरडी वाळू पसरलेल्या लोखंडी परातीत भांडे मांडून करावे. कातडी हातमोजे, चष्मा व बंद जोडे यांची गणना साधनांतच करावी. कापडी फडक्याने शिशाची वाफ अडत नाही, हेही ध्यानात असावे.

मोटारीच्या जुन्या बॅटरीतील पत्रे घरी कदापि वितळवू नयेत. त्यांत तेजाब व शिशाची बारीक विषारी भुकटी असते. २०२२ च्या नियमांनुसार अशी बॅटरी अधिकृत संकलनाकडेच गेली पाहिजे.

परंतु खरी कसोटी काम संपल्यावर लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणून ठरलेले नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूस ते सर्वाधिक बाधते. गुरांचेही तेच. शिशाची मळी किंवा टाकलेली बॅटरी गाय चाटते, मग ती आंधळी होते, झटके येऊन मरते. आणि धन्यास कारण उमगत नाही. म्हणून वरची राख उकिरड्यावर वा भाजीच्या वाफ्यात टाकू नये. मातीतील शिसे वर्षानुवर्षे जात नाही. ती झाकणाच्या डब्यात साठवून भंगारासोबत अधिकृत शिसे-कारखान्याकडे पोचवावी. कढई, पळी व साचा यांवर तांबड्या रंगाची खूण करून ते निराळ्या कुलपात ठेवावेत; शिशास लागलेले भांडे पुन्हा अन्नास लागता कामा नये. हात व कपडे धुतल्यावाचून मुलास उचलू नये.

गळलेल्या गोळ्याही खाडीत राहू देऊ नयेत. अशी लहान वजने गिळून हंस मरतात म्हणून इंग्लंडात १९८७ मध्ये गळाच्या शिशाच्या लहान वजनांवर बंदी आली. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले. त्या चिखलात चोच घालणाऱ्या पाखरांचा विचार आपणही केला पाहिजे. ज्यास जमेल त्याने पागास लोखंडी साखळी लावून पाहावी. लोखंड शिशाहून हलके असल्याने पाग किंचित सावकाश बुडेल, परंतु वितळविण्याचा सारा प्रपंचच टळेल.

ज्यास शिसेच हवे, त्याने एक बिडाची कढई, एक पळी, एक कोरडा साचा, एक तापमापक व एक कुलूप एवढे घ्यावे. यांपैकी कुलूप सर्वांत स्वस्त आहे, आणि आमच्या मते तेच सर्वांत अगोदर घ्यावे.