परमुलुखातील खानावळ

माणूस परमुलुखात गेला, की त्याची पहिली गाठ तिथल्या भाषेशी पडते असे आपण समजतो. खरे पाहता ती भुकेशी पडते. आपल्या हट्टा, वसमत, औंढा या बाजूची मुलेमुलीही आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरदेशी जातात. त्यांतली पुष्कळ जण घरच्या चिवड्या-लाडवांवर आणि दुकानातल्या पाकिटांवर दिवस काढतात. समोर लहानशी खानावळ असते, आतून लसणाचा वास येत असतो. पण मागायचे काय, बिल किती येईल, ताटात मांस तर येणार नाही ना, या धास्तीने पाय उंबऱ्यापाशीच थबकतो. ती धास्ती जावी, म्हणून इटलीतल्या लहान खानावळीची रीत आज सांगतो.

अशा खानावळीला तिकडे ‘त्रात्तोरिया’ म्हणतात. आठ-दहा मेजे, आत चूल, आणि जो रांधतो तोच पुष्कळदा मालक. बायको किंवा मुलगी वाढायला. आपल्याला हे नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून आलेल्या कामगारांना अशाच खानावळवाल्या बायांनी जेवू घातले. त्यांच्यासाठीच प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. जिथे रांधणारा आणि जेवणारा एकमेकांचे तोंड पाहतात, तिथे अन्नात सहसा लबाडी होत नाही. खानावळीचे हे बळ दोन्ही मुलुखांत सारखेच.

आता रीत. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचे साडेसातनंतर. मधल्या वेळात चूल बंद असते, तेव्हा रागावून उपयोग नाही. आत शिरताना दिवसा ‘बुओन जोर्नो’ आणि संध्याकाळी ‘बुओना सेरा’ म्हणावे, म्हणजे आपला राम राम. रिकामी जागा दिसली म्हणून आपणच जाऊन बसू नये. किती माणसे ते सांगावे, ते बसवतील तिथे बसावे. पदार्थ पुष्कळदा फळ्यावर खडूने लिहिलेले असतात आणि थोडेच असतात. थोडे आहेत म्हणून नाक मुरडू नका. सकाळी बाजारात जे ताजे मिळाले तेवढेच रांधले, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे ताटात सगळे एकदम वाढतात. तिकडे पंगत पायरीपायरीने चढते. आधी तोंडी लावणे. मग ‘प्रीमो’, म्हणजे पहिला पदार्थ: पास्ता, भात किंवा सूप. मग ‘सेकोंदो’, तो बहुधा मांसाचा किंवा मासळीचा. भाजी वेगळी मागावी लागते. शेवटी गोड आणि वाटीएवढ्या कपात कडक कॉफी. दुधाची कॉफी ते सकाळी पितात. हे सगळे घेतलेच पाहिजे असे मात्र नाही. एक प्रीमो आणि एक भाजी घेऊन उठलात, तरी कोणी वाईट मानत नाही.

बिलाचेही सांगून ठेवतो. बहुतेक ठिकाणी बसण्याचा आणि पावाचा मिळून माणशी एक ते तीन युरो आकार असतो. त्याला ‘कोपेर्तो’ म्हणतात. तो फळ्यावर किंवा पत्रकावर लिहिलेला असतो, फसवणूक नव्हे. पाणी बाटलीतले आणि विकत. बिल आपणहून आणत नाहीत, कारण पाहुण्याला उठवणे असभ्य. ‘इल कोंतो’ असे मागावे. बक्षिसीची सक्ती नाही.

मांस-मासळी नको असेल, तर ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’ एवढे चार शब्द पाठ करावेत. मांसावाचून, मासळीवाचून, असा अर्थ. तरी सूप कशाच्या पाण्यात शिजवले ते विचारावे. वरून किसून घालतात त्या पार्मा भागातल्या चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातला पदार्थ वापरतात. ज्यांना चालत नसेल त्यांनी ते घालू नका म्हणून आधीच सांगावे.

आणि हा पास्ता म्हणजे तरी काय? आपल्या आयाबायांचे वळवटच की! लग्नाआधी चार जणी जमून शेवया, गव्हले, नखुल्या, मालत्या वळतात. नखाने दाबले की नखुली, चिमटीत वळले की गव्हला. इटलीच्या दक्षिणेला बारी नावाचे शहर आहे. तिथल्या जुन्या गल्लीत बाया दारात बसून अंगठ्याने पिठाचे इवलेसे कान वळतात. नाव ‘ओरेक्किएत्ते’, म्हणजे कानुले. पीठही ओळखीचे. वाळवलेला पास्ता कडक गव्हाचाच असला पाहिजे, असा कायदा तिकडे 1967 साली झाला. तो कडक गहू म्हणजे आपल्या बन्शी गव्हाची जात. आपला खपली गहूही तिथल्या डोंगराळ भागात ‘फार्रो’ नावाने पिकतो. आपण वरणफळे करतो, ते पास्ता आणि हरभरे एकत्र शिजवतात.

फ्लॉरेन्स शहरात अशाच एका खानावळीत मी जेवलो. मांस नको म्हणताच स्वयंपाकी हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, मग रिबोल्लीता घ्या. रिबोल्लीता म्हणजे पुन्हा उकळलेले. शिळा पाव, पांढऱ्या शेंगांचे दाणे, काळपट पानांचा कोबी, वर कच्चे ऑलिव्ह तेल. घरात पाव उरतो, टाकवत नाही, म्हणून गरिबाने शोधलेला पदार्थ. तो त्याने असा आणून ठेवला, की जणू घरातला दागिनाच दाखवतो आहे. उत्तरेकडे मक्याचा ‘पोलेंता’ आहे, आपल्या जोंधळ्याच्या कण्यांचा सख्खा भाऊ. तोही एकेकाळी गरिबाचा घास होता. आज पाहुण्यापुढे मानाने येतो. ताटलीतला रस पावाच्या तुकड्याने पुसून खाणे, जसे आपण भाकरीने पुसतो, त्यालाही त्यांनी लाडके नाव दिले आहे: ‘स्कार्पेत्ता’, चिमुकला जोडा.

विचार करण्यासारखी गोष्ट इथेच आहे. आपल्या गावी साहेब आला की पाव आणि बिस्किटे तालुक्याहून येतात, पुऱ्या तळल्या जातात. आणि भाकर, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आतल्या घरात राहते. गरिबीचे अन्न त्यांच्याकडेही आहे, आपल्याकडेही आहे. त्यांनी ते झाकून ठेवले नाही, एवढाच फरक. आणि त्या फरकावर तिथल्या खेड्यातल्या स्वयंपाक्याचे पोट भरते, त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या मालालाही गिऱ्हाईक मिळते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. घरात आजी जे जे वळवट करते, त्याची नावे आणि करण्याची रीत मुलांना लिहून आणायला सांगा. मग नकाशावर बारी दाखवा आणि कानुल्यांची हकीकत सांगा. यातला एखादा मुलगा, एखादी मुलगी उद्या तिकडे गेली आणि स्वयंपाक्याने विचारले, तुमच्याकडे काय खातात? तर ‘काही विशेष नाही’ असे उत्तर त्यांच्या तोंडून येऊ नये. जोंधळा कसा, भाकर कशी थापतात, हुरडा केव्हा भाजतात, हे त्यांना धडपणे सांगता यावे.