ताई, आपा, अक्का

रमजानमध्ये उर्दू माध्यमाच्या बहुतेक शाळा सकाळी भरतात. सेहरी, फज्रची नमाज, घरातले आवरणे, आणि लगेच शाळेची वेळ. बारावी किंवा पदवी झालेली एखादी मुलगी अशा सकाळी मदतनीस म्हणून पहिल्यांदाच प्राथमिक वर्गात येते. शिकवणाऱ्या बाई फळ्यापाशी उभ्या असतात. हिला वेगळे टेबल नसते. कुठे बसायचे हे तिला कळत नाही आणि तिला काय म्हणायचे हे मुलांना. उर्दू शाळेत ती आपा होते, मराठी शाळेत ताई, कन्नड आणि तेलुगू शाळेत अक्का. सोलापुरात या चारही भाषांच्या शाळा आहेत.

वर्गातल्या या दुसऱ्या ताईचे काम काय? महाराष्ट्रात याचे उत्तर मुंबईत शोधले गेले. तिथे १९९० च्या दशकात 'प्रथम' या संस्थेने महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. बालसखी म्हणजे आसपासच्या वस्तीतलीच, स्वतः माध्यमिक शिक्षण घेतलेली तरुणी. प्रशिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचे, मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये. मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास घेऊन ती बसत असे. जागा मिळेल तिथे, प्रसंगी व्हरांड्यातसुद्धा.

अशा कामाचा पहिला दिवस शिकवण्यात जात नाही, ओळखण्यात जातो. एका कागदावर सुटी अक्षरे, काही शब्द, एक छोटा उतारा आणि एक गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून हा कागद पुढे धरायचा. २००५ पासून निघणाऱ्या 'असर' या शैक्षणिक अहवालातही वाचनाची चाचणी याच धर्तीवर होते. उर्दूत 'असर' म्हणजे परिणाम. नाव नेमके आहे, कारण अहवाल विचारतो तेवढेच : शाळेत गेल्याचा परिणाम काय झाला?

या कागदापुढे नव्या ताईला पहिला धक्का बसतो. तिसरीतल्या एखाद्या मुलाची वही पूर्ण असते, अक्षर वळणदार असते. फळ्यावरचे सगळे त्याने उतरवून घेतलेले असते. पण त्याच वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवून 'हे काय आहे?' विचारले, की तो मान खाली घालतो. त्याने शब्द लिहिलेला नसतो, त्याचे चित्र काढलेले असते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात पाठ पुढे नेणाऱ्या बाईंना हे दिसणे कठीण. वही तपासली तर बरोबरच निघते. हा मुलगा दंगा करत नाही, तक्रारही करत नाही. तो गुपचूप चौथीत जातो, मग पाचवीत.

सोलापुरात त्याच्या गप्प बसण्याला आणखी एक कारण असू शकते. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत दखनी आणि पुस्तकात मराठी. त्याला 'गाय' हा शब्द वाचता येत नाही, की वाचूनही समजत नाही, हे वस्तीतल्याच ताईला लवकर उमगते. ती त्याच्या बोलीत एक प्रश्न विचारते आणि मान वर होते.

या मदतीचा उपयोग खरेच होतो का, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यातील शाळांत तपासले. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बालसखीकडे बसलेली मुले स्पष्टपणे पुढे गेली आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. वर्गात उरलेल्या मुलांना मात्र, गर्दी कमी होऊनही, फारसा फरक पडला नाही. म्हणजे केवळ मुलांची संख्या घटवून भागत नाही, मुलाच्या पातळीला येऊन कोणीतरी बसावे लागते. दुसरी गोष्टही त्यांनी नोंदवली : मदत थांबल्यावर वर्षभरात हा लाभ बराच ओसरला.

इस्लामी इतिहासात रमजानशी जोडलेली एक आठवण आहे. हिजरी सन २ मधील १७ रमजानला बद्रची लढाई झाली. कैद्यांपैकी ज्यांच्याकडे खंडणी नव्हती पण अक्षरओळख होती, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवायचे आणि सुटायचे, असे ठरल्याचे सांगतात. शिकवणाऱ्याची किंमत तेव्हा स्वातंत्र्याइतकी धरली गेली.

पुण्यातल्या फातिमा शेख यांच्या वर्गातल्या पहिल्या दिवसाची नोंद नाही. सावित्रीबाई आजारपणात नायगावला होत्या, तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात त्यांनी जोतीरावांना लिहिले, की फातिमावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. सोबतीने शिकवणाऱ्या बाईचा उल्लेख उरला तो एवढा.

आज राज्याच्या २०२४ मधील युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून अनेक तरुण-तरुणी जिल्हा परिषद शाळांत गेले. विद्यावेतन शिक्षणानुसार सहा, आठ किंवा दहा हजार, मुदत आधी सहा महिने, नंतर आणखी पाच. मुलाने मान वर करून वाचायला सुरुवात करावी आणि ताईची मुदत संपावी, हे दोघांनाही परवडणारे नाही.

पहिल्या दिवशी शाळा सुटते. रोजा असलेल्या ताईचा घसा बोलून कोरडा पडलेला असतो, इफ्तारला अजून बराच अवकाश असतो. तिच्या कागदावर सात-आठ नावे असतात आणि प्रत्येक नावापुढे एकच शब्द : अक्षर, शब्द, किंवा 'काहीच नाही'. उद्या सुरुवात या शेवटच्या नावांपासून.