नक्षीकरवतीची मांडणी

देव्हाऱ्याची जाळी, लाकडी अक्षरे, मुलांची जोडचित्रे अशा वस्तूंचे नागमोडी काप घेण्यासाठी ‘स्क्रोल सॉ’ ही विजेवर चालणारी नक्षीकरवत वापरतात. तिचे बारीक पाते दोन टोकांना ताणून उभे बसविलेले असते व ते वेगाने खालीवर होते. करवत जागची हलत नाही; लाकूडच दोन्ही हातांनी फिरवावे लागते. त्यामुळे मान अवघडली किंवा खांदे आखडले, की हात रेषेवरून ढळतो. एक नाजूक काप चुकला तरी दिवसभराची मेहनत वाया जाते. म्हणून यंत्राची मांडणी हा केवळ सोयीचा नव्हे, तर कारागिराच्या मिळकतीचाही प्रश्न आहे.

बैठक आणि उंची

बसून काम करताना यंत्राचा तक्ता साधारण कोपराच्या उंचीवर असावा. तक्ता फार उंच असल्यास खांदे वर उचलले जातात आणि फार खाली असल्यास पाठ वाकते. यंत्राचे मागील पाय थोडे उचलून ते कारागिराकडे किंचित झुकते केल्यास मान न वाकविता रेषा दिसते. यंत्र भक्कम व जड घडवंचीवर बोल्टने आवळावे आणि खाली रबराचा तुकडा घालावा; कंप कमी होतो. पायाने दाबावयाचे बटण बसविल्यास दोन्ही हात लाकडावरच राहतात. दिवा बाजूने असावा, म्हणजे रेषेवर हाताची सावली पडत नाही.

पात्याची जुळवणी

पाते बदलताना वीजजोडणी काढावी. दातांची टोके खालच्या दिशेस असावीत; उलट बसविल्यास लाकूड उसळते. पाते ताणल्यावर बोटाने छेडून पाहावे. तारेसारखा स्पष्ट नाद आला तर ताण योग्य समजावा. पाते सैल असेल तर काप वाकडा जातो. पाते तक्त्याशी काटकोनात आहे की नाही, हे छोट्या गुण्याने तपासावे.

बऱ्याच पात्यांच्या एका कडेला घडणीच्या वेळी बारीक कोर राहते. तिच्यामुळे काप एका बाजूस ओढला जातो. अशा वेळी लाकूड जोराने ढकलू नये. ते किंचित तिरपे धरून सरकवावे. पातळ लाकूड कापताना पात्याचा थोडाच भाग झिजतो. तक्त्यावर प्लायवूडचा तुकडा बसवून लाकूड उंच केल्यास न झिजलेले दात कामी येतात व पात्याचे आयुष्य वाढते.

डोळ्यांना चष्मा व नाकातोंडावर धूळरोधक पट्टी अवश्य असावी. बोटे पात्याच्या समोर येऊ देऊ नयेत आणि अधूनमधून उठून हातांना विश्रांती द्यावी.

या सुधारणांपैकी बहुतेकांना फारसा खर्च नाही. लाकडाचे चार तुकडे, रबराचा एक तुकडा आणि तासाभराचा वेळ एवढ्यावर सुरुवात करता येते. यंत्र जुनेच राहते. परंतु काप सरळ येतो, पाती कमी मोडतात आणि दिवसाअखेर कारागिराची पाठ दुखत नाही.