ट्रॉलीच्या चाकाला कुलूप : थोड्या खर्चात रोजीची हिफाजत

आपल्या कारोबारात दुकानाला शटर असते, शटरला दोन कुलपे असतात, गल्ल्याची चावी कमरेला असते. मोटारसायकलचे हँडल लॉक केल्याशिवाय कोणी मशिदीच्या पायऱ्या चढत नाही. परंतु ज्या ट्रॉलीवर घरातल्या पाच-सहा माणसांची रोजी अवलंबून आहे, ती मात्र रात्री रस्त्याच्या कडेला चाकाखाली एक दगड लावून उभी असते. तिला ना कुलूप, ना साखळी. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "तिला इंजिनच नाही, ती कोण नेणार?"

वाचक बंधूंनो, हा समज उलटा आहे. इंजिन नाही म्हणूनच ट्रॉली नेणे सोपे आहे. ट्रक किंवा टेम्पो चोरायचा तर चावी हवी, वायर जोडण्याची अक्कल हवी. ट्रॉलीला फक्त दुसरा एक ट्रॅक्टर हवा. हूकमध्ये पिन टाकली की दोन मिनिटांत ती रस्त्याला लागते, आणि वाटेत पाहणाऱ्याला वाटते की मालकच आपला माल घेऊन चालला आहे.

नदीकाठचा मुलूख आणि उघड्यावरची ट्रॉली

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे गाव भीमेच्या काठी आहे. नदीच्या पलीकडे दौंड तालुका सुरू होतो. दोन्ही काठ उसाचे. गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे रांगा लागतात. ऊस तोडणी चालू असते तेव्हा एक ट्रॉली फडाच्या बांधावर भरण्यासाठी सोडलेली असते आणि ट्रॅक्टर दुसरी घेऊन गेलेला असतो. रात्री तिच्याजवळ कोणी नसते. या भागात उसात बिबट्याचा वावर असल्यामुळे अंधारात फडाच्या कडेला फेरी मारायला माणूस धजत नाही. राखणीला माणूस ठेवणे परवडत नाही आणि सुरक्षितही नाही. म्हणून राखणीचे काम लोखंडालाच द्यावे लागते.

हा प्रश्न फक्त बागायतदारांचा नाही. आपल्या बिरादरीतील कारागिरांकडे आज चाकांवर चालणारी कितीतरी साधने आहेत. वेल्डिंगचा जनरेटर, स्लॅबचा मिक्सर, मंडपाच्या सामानाची गाडी, आठवडे बाजारात कापड किंवा भांडी नेणारा छोटा ट्रेलर, ही सगळी ओढून न्यायची वाहने आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्यामुळे पर्यटकांच्या मुक्कामाच्या गाड्या आणि ट्रेलर यांचे कामही पुढे आपल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे येऊ शकते. या सर्वांना एकच इलाज लागू पडतो, तो म्हणजे चाकाचे कुलूप.

जॅमर आला कुठून?

नो पार्किंगमध्ये लावलेल्या मोटारीच्या चाकाला ट्रॅफिक पोलीस जो पिवळा जॅमर लावतात, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. ही कल्पना अमेरिकेतील डेन्व्हर शहरातली. तेथील फ्रँक मरूग नावाच्या गृहस्थाने तो बनवला. हे गृहस्थ शहराच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत असत. १९५५ मध्ये डेन्व्हरच्या पोलिसांनी जॅमर वापरायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये मरूग यांना त्याचे पेटंट मिळाले.

मात्र पोलिसांचा जॅमर आणि आपला जॅमर यांत एक फरक ध्यानात ठेवावा. पोलिसांचा जॅमर भर रस्त्यात, लोकांच्या डोळ्यांसमोर असतो आणि तो मालकाला थांबवतो. आपल्या जॅमरची गाठ रात्रीच्या अंधारात पान्हा, कटर आणि जॅक घेऊन आलेल्या चोराशी आहे. म्हणून नुसता पिवळा रंग आणि दोन पट्ट्या यांवर समाधान मानू नये.

कुलपाचे प्रकार आणि त्यांची कमजोरी

पहिला प्रकार जॅमर. याचे दोन पंजे टायरला आतून व बाहेरून धरतात आणि बाहेरची गोल प्लेट चाकाचे नट झाकते. ही प्लेट फार महत्त्वाची आहे. नट उघडे राहिले तर चोर कुलपाला हातच लावत नाही. तो जॅक लावून ते चाक काढतो आणि स्वतःजवळचे दुसरे चाक बसवून ट्रॉली घेऊन जातो. दुसरी परीक्षा हवेची. टायरमधली हवा सोडली की टायर बसतो, आणि ढिला झालेला जॅमर निघून येतो. म्हणून विकत घेताना दुकानदारासमोरच हवा सोडून जॅमर हलवून पाहावा. सुटत असेल तर तो परत करावा.

दुसरा प्रकार गजाचा. चाकाच्या डिस्कला जी भोके असतात, त्यांतून जाड गज आत नेऊन तो पाट्याच्या किंवा ॲक्सलच्या पलीकडे अडकवून कुलूप लावतात. चाक फिरू लागले की गज अडतो. हा प्रकार स्वस्त आणि टिकाऊ आहे. मात्र काही डिस्कला भोके लहान असतात, तर काहींना नसतातच. त्यामुळे आधी माप घ्यावे.

तिसरा प्रकार साखळीचा. बाजारात मिळणारी साधी साखळी मोठ्या कटरपुढे टिकत नाही. टणक केलेली, म्हणजे आपले लोहार ज्याला पाणी दिलेली म्हणतात तशी साखळी घ्यावी. ती जमिनीवर लोळत ठेवू नये. जमिनीचा आधार मिळाला की कटरला जोर येतो आणि हातोड्याचा घावही नीट बसतो. साखळी वर आणि ताणलेली असावी.

चौथा प्रकार हूकचे कुलूप. ट्रॉलीच्या दांड्याच्या पुढच्या कडीत लोखंडी ठोकळा बसवून त्याला कुलूप घालतात, म्हणजे ट्रॅक्टरची पिन आत जात नाही. काम चांगले आहे, पण ते एकटे पुरेसे नाही. चोर दांड्यालाच साखळी गुंडाळून ट्रॉली ओढून नेऊ शकतो.

पाचवा प्रकार खास नटाचा. प्रत्येक चाकावर एक नट असा बसवतात की तो साध्या पान्ह्याने फिरत नाही. यामुळे ट्रॉली जागेवर थांबत नाही, पण नवे टायर घातलेली चाके रातोरात जाण्याची भीती कमी होते.

या सर्वांचा निचोड असा : दोन चाकी ट्रॉलीला एका चाकाला जॅमर किंवा गज आणि हूकला कुलूप असावे. चार चाकी ट्रॉलीला मागच्या एका चाकाला आणि हूकला असावे. दोन ठिकाणी, दोन वेगळ्या प्रकारची कुलपे असली म्हणजे चोराला दोन वेगळी हत्यारे आणि दुप्पट वेळ लागतो.

येथे एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे जगातले कोणतेही कुलूप कायम टिकत नाही. कुलूप चोराला वेळ काढायला लावते, आवाज करायला लावते. रात्रीच्या शांततेत ग्राइंडरचा आवाज आणि ठिणग्या लांबवर जातात, आणि चोर बहुधा असा माल सोडून सोप्या मालाकडे वळतो. कुलपाची कीमत ही अशी वेळेची कीमत आहे. म्हणून शक्य असेल तेव्हा ट्रॉली घराजवळ, दिव्याखाली, दांडा भिंतीकडे करून लावावी.

आपल्या कारागिरांसाठी काम

चाकाचे कुलूप परदेशातूनच मागवावे असे काही नाही. ज्या कारागिराकडे वेल्डिंगचे मशीन आणि कटिंगची सोय आहे, तो हे काम करू शकतो. आपल्याकडच्या ट्रॉल्यांना ७.५०–१६ आणि ९.००–१६ हे टायर सर्रास असतात, तेव्हा या दोन मापांचे साचे करून ठेवले तरी बरेच गिऱ्हाईक सांभाळता येईल. काही पथ्ये मात्र पाळावीत.

गज १६ मि.मी. किंवा त्याहून जाड असावा, म्हणजे तो हाताच्या कटरच्या तोंडात सहज येणार नाही. कुलूप उघडे लोंबकळत ठेवू नये. त्याला जाड पत्र्याचे घर करावे, ज्यात फक्त चावीला हात जाईल आणि कुलपाची कडी झाकलेली राहील. बिजागरी बाहेरून दिसू नये. कुलूप अलिगढचे असो वा आणखी कुठले, चांगल्या लिव्हरचे व टणक कडीचे घ्यावे, कारण हजाराच्या जॅमरला पन्नासचे कुलूप लावले तर चोर पन्नासचेच तोडतो.

आणि सर्वांत मोठे पथ्य : टायर चढवलेल्या रिमवर किंवा डिस्कवर वेल्डिंग कधीही करू नये. उष्णतेने आतली हवा तापून टायर बॉम्बसारखा फुटतो आणि माणसे जिवाला मुकतात. नुसती हवा सोडल्यानेही हा धोका पूर्ण जात नाही. ॲक्सलवर वेल्डिंग केले तर तो भरल्या वजनाखाली त्या जागी तुटू शकतो. कुलूप अडकवावे, वाहनाला जोडू नये.

ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये पोलिसांच्या पुढाकाराने 'सोल्ड सिक्युअर' ही तपासणीची योजना सुरू झाली. तेथे कुलूप खरोखर तोडून पाहतात आणि किती हत्यारांपुढे ते किती वेळ टिकले यावरून दर्जा देतात. आपल्या कारागिरानेही पहिला नग स्वतः तोडून पाहावा आणि गिऱ्हाइकाला जे दिसले तेच सांगावे. "हे तुटणारच नाही" असे सांगून विकणे म्हणजे मालाचा ऐब लपवणे होय. अशा कमाईत बरकत नसते.

विमा आणि कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विम्याच्या मसल्यावर उलेमांची मते वेगवेगळी असल्यामुळे आपले बरेच भाई सक्तीपुरता तेवढाच विमा घेतात. तो निर्णय ज्याने त्याने आपल्या भरवशाच्या आलिमकडून घ्यावा. पण व्यवहार म्हणून एवढे माहीत असावे की थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या वाहनाच्या चोरीचा एक पैसाही मिळत नाही. अशा मालकासाठी चाकाचे कुलूप हाच एक आधार आहे. उंट मोकळा सोडून तवक्कुल करावे की बांधून, या सवालावर नबी करीम (स.) यांनी दिलेली हिदायत आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. तिचा अमल ट्रॉलीलाही लागू होतो.

ज्यांचा चोरीचाही विमा आहे त्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली व तिची किंमत वेगळी लिहिली आहे का, ते पाहावे. तसेच वाहनाची वाजवी काळजी घेण्याची अट पॉलिसीत असते, ती विसरू नये. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ट्रकच्या चोरीचा एक दावा आला होता. ड्रायव्हर चावी गाडीतच ठेवून उतरला होता. न्यायालयाने मालकाला पूर्ण नव्हे, तर ७५ टक्के रक्कम मंजूर केली. पुण्याच्या एआरएआय संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी साधनांसाठी २००२ च्या मोटार टॅरिफमध्ये सवलत ठेवलेली होती. आता कंपन्यांचे दर वेगवेगळे आहेत, तेव्हा हप्ता भरताना सवलत विचारून घ्यावी.

कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहन आहे. त्याची नोंदणी करून घ्यावी. नोंदणीचा कागद नसेल तर सापडलेली ट्रॉली आपली आहे हे सिद्ध करतानाच नाकी नऊ येतात. चेसीवर दोन ठिकाणी, त्यांतले एक न दिसणारे, नंबर पंच करावा आणि चारही बाजूंचे फोटो मोबाईलमध्ये ठेवावेत.

चोरी झालीच तर

आधी ११२ ला फोन करावा आणि गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर तिच्यावर खबर द्यावी, कारण ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर वेगाने पळू शकत नाही. पहिल्या तासात नाके आणि पूल पाहिले गेले तर माल मिळण्याची उमेद असते.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ट्रॉली शिरूरच्या हद्दीतून गेली आणि तुम्ही नदीपलीकडे दौंड तालुक्यात असाल, तरी तेथील ठाण्यात नोंद होऊ शकते. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी. माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून स्वस्तात मिळणारी बिनकागदाची ट्रॉली कोणीही घेऊ नये.

विमा कंपनीला लगेच लेखी कळवावे. एका ट्रॅक्टरमालकाने चोरीच्याच दिवशी एफआयआर केला, पण कंपनीला उशिरा कळवले, म्हणून त्याचा दावा नाकारला गेला होता. २४ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की पोलिसांत तातडीने खबर दिली असेल तर केवळ या उशिरामुळे खरा दावा नाकारता येत नाही. तथापि या निकालाच्या भरवशावर कोणी आळस करू नये.

रोजची सवय

कुलूप लावल्यावर ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला लाल कापडाची चिंधी बांधावी. नाहीतर सकाळच्या घाईत कुलपासह ट्रॉली ओढली जाते आणि टायर व ॲक्सल दोन्ही बिघडतात. दुसरी चावी घरी ठेवावी. ट्रॉलीच्या पेटीत चावी ठेवणे म्हणजे चोराला दावत देणे. उसाच्या रसाने आणि चिखलाने कुलूप जाम होते, म्हणून आठवड्यातून एकदा धुऊन, सुकवून त्यात थोडी ग्राफाइट पूड सोडावी. जाड तेलाला धूळ चिकटते.

गळीत हंगामापूर्वी ट्रॉलीचे ग्रीसिंग आणि टायरचे काम निघतेच. त्याच वेळी गावातल्या आठ-दहा मालकांनी मिळून एकाच कारागिराकडे मापाची कुलपे करायला दिली तर प्रत्येकाला ती स्वस्त पडतील, आणि कारागिरालाही एकरकमी हलाल काम मिळेल.